वन बीएचकेमध्ये मोकळा ससा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

  

आज मधेच 'धप्प' असा आवाज आला तर हेडफोन तपासू नका. ती बाकर आहे. पूर्ण नाव बाकरवडी. पाच वर्षांची मादी ससा, रंग अगदी बाकरवडीसारखा. आत्ता ती माझ्या टेबलाखाली बसलीय. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की ती मागचा पाय जमिनीवर आपटते. सशांच्या भाषेत त्याचा अर्थ 'धोका आहे, सावध व्हा'. चार वर्षं झाली, कुकरवर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

बरेच जण मेसेजमध्ये विचारतात, 'अरे, तुमच्याकडे ससा घरभर फिरतो म्हणे? पिंजरा नाही? घाण नाही करत?' म्हणून म्हटलं एक अख्खा एपिसोडच करू. आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. आई, बाबा, मी आणि बाकर. तेव्हा 'आमच्याकडे जागा नाही' हे कारण मला सांगू नका. [हसू]

पण बाकरबद्दल बोलायच्या आधी बंटीबद्दल बोलावं लागेल. हे मी कधी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी आठवीत होतो. २०१०. हट्ट करून बाबांकडून ससा आणवला. पांढरा, लाल डोळ्यांचा, मुठीत मावेल एवढा. दुकानदारानं सोबत पिंजरा दिला, दोन फूट बाय दीड फूट, खाली जाळी. म्हणाला, 'गाजर, कोबी घाला, काही त्रास नाही.' आम्ही गाजर घातलं, कोबी घातला, पोळी घातली, चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा घातलं. पिंजरा गॅलरीत. का, तर घरात वास नको.

बंटी दीड वर्ष जगला. त्यातला बहुतेक वेळ तो एका कोपऱ्यात बसून असायचा. आम्ही म्हणायचो, किती शांत आहे! मे महिन्यात एका दुपारी मी क्लासवरून आलो तर तो आडवा पडून धापा टाकत होता. कान तापलेले. मी घाबरून त्याच्यावर गार पाण्याचा मग ओतला. बाबा ऑफिसातून धावत आले, रिक्षा केली, पण दवाखान्यापर्यंत तो पोचलाच नाही. परत येताना बाबा एवढंच म्हणाले, 'ससे नाजूकच असतात रे. जगत नाहीत.'

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी ज्यांनी ससा पाळला त्या प्रत्येकानं ते म्हटलंय. मीही दहा वर्षं तेच मानत होतो.

मग २०२१ मध्ये माझा एक सहकारी जर्मनीला निघाला. त्याच्याकडे एक वर्षाची बाकर होती. न्यायला जमणार नव्हतं. मी म्हटलं बघतो, आणि रात्री वाचायला बसलो. पहिल्याच तासात कळलं की नीट सांभाळलेला पाळीव ससा आठ ते बारा वर्षं जगतो.

आठ ते बारा. बंटी दीड. मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तर आधी थोडं समजून घेऊ. आपल्या माळरानावर, शेतात दिसतो तो ससा वेगळा बरं का. तो रानससा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात, आणि तो बिळं खणत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे, त्यामुळे शेतात पिल्लू सापडलं म्हणून घरी आणायचं नाही. दुकानात मिळतो तो युरोपियन ससा. मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीखाली बिळांचं जाळं करून गटानं राहणारा. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, बिळात वाढतात.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, याला लपायला बंद जागा लागते, आणि पळायला मोकळी जागाही लागते. दोन, डोंबिवलीचा मे महिना याच्यासाठी नाहीच. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तापमान अठ्ठावीस-तीसच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. आणि आम्ही बंटीला कुठे ठेवलं होतं? पश्चिमेच्या गॅलरीत, दुपारच्या उन्हात.

जागेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सशांसाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर बाय २ मीटर आणि उंची १ मीटर एवढी जागा सुचवते, तीही चोवीस तास मिळणारी. म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. आमच्या बेडरूमच्या निम्म्याहून जास्त! मग मी सरळ गणित मांडलं. एवढा मोठा पिंजरा आणला तर आम्हाला घराबाहेर झोपावं लागेल. त्यापेक्षा घरच तिच्या हवाली केलेलं बरं.

आईला सांगितलं. आई म्हणाली, 'अरे, आपल्या तिघांना पाय पसरायला जागा नाही, आणि तिला मोकळं सोडायचं?' बाबा काही बोलले नाहीत. पेपर वाचत राहिले.

आता महत्त्वाचं ऐका. मोकळं ठेवायचं म्हणजे आणलं आणि सोडलं असं नाही. आम्ही हे टप्प्याटप्प्यानं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर टाकलं नाही. [हसू]

पहिले दोन आठवडे फक्त बेडरूमचा एक कोपरा. एक पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन दारं कापली. दोन का? बिळाला मागची वाट असते, नसेल तर सशाला अडकल्यासारखं वाटतं. शेजारी प्लास्टिकचा पसरट टब, त्यात खाली वर्तमानपत्र, वर कागदाच्या गोळ्या, आणि टबाच्या एका टोकाला भरपूर गवत. यात ट्रिक अशी की ससा गवत खाता खाता लेंड्या टाकतो. त्यामुळे ताट आणि संडास शेजारी शेजारी ठेवायचं. ऐकायला कसंतरी वाटतं, पण चार दिवसांत ती टबात बसायला शिकली. मांजरासाठी मिळते ती पाण्यानं गोळा होणारी माती मात्र वापरू नका, पोटात गेली तर अडकते.

तरी ती कडेकडेनं चार लेंड्या टाकायचीच. हद्द आखत होती. त्यावर उपाय नसबंदी. मादी सशांमध्ये वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप असतं, त्यामुळे ऑपरेशन तसंही करायचंच होतं. पण ससे बघणारा डॉक्टर शोधायला मला तीन आठवडे लागले. शेवटी ठाण्यात एक मॅडम मिळाल्या. त्यांना पहिला प्रश्न विचारला, 'आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?' त्या म्हणाल्या, 'अजिबात नाही. सशाला उलटी करताच येत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात.' तेव्हाच ठरवलं, हीच आपली डॉक्टर. तुम्हीही डॉक्टर निवडताना हा प्रश्न विचारा.

मग वायरी. सशाला वायर ही झाडाची मुळी वाटते. बिळात आडवी आलेली मुळी कुरतडून वाट मोकळी करायची, हे त्याच्या रक्तात आहे. शिवाय त्याचे सगळेच दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. बाकरनं पहिल्या महिन्यात एक चार्जर, आईच्या मोबाइलची केबल आणि माझी लॅनची वायर तोडली. लॅनची वायर मी रिलीज करत असतानाच तोडली. नशीब, कुठल्याही वायरीत जोराचा करंट नव्हता. त्यात तिचा जीवही जाऊ शकला असता. तो दोष तिचा नाही, माझा. त्यानंतर सगळ्या वायरी प्लास्टिकच्या पाइपात घातल्या किंवा वर भिंतीला ठोकल्या. टीव्हीमागचं जंजाळ राहिलं होतं, त्याचं शेवटी सांगतो.

फरशी. आपल्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. कुत्र्या-मांजरांसारखी सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसते केस असतात. टाइलवर तो घसरतो आणि घाबरून एका जागी बसतो. लोक म्हणतात, 'आम्ही सोडतो हो बाहेर, पण तो हलतच नाही.' अहो, तुम्ही त्याला बर्फावर उभं केलंय. आईच्या दोन जुन्या सतरंज्या अंथरल्या आणि बाकरनं पहिल्यांदा ती उडी मारली. पळता पळता हवेत उडून अंगाला पीळ द्यायचा, पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. ससा खूश असला की असं करतो. बंटीनं दीड वर्षात एकदाही असं केलं नव्हतं. कसं करणार, पिंजऱ्याचं छप्पर डोक्याला लागायचं.

झाडं. मनी प्लांट, कण्हेर, अडेनियम हे सगळं तिच्या तोंडापासून लांब. आमचा मनी प्लांट आता फ्रिजवर राहतो.

खाणं. गाजर हा सशाचा पेढा समजा, जेवण नाही. त्यात साखर जास्त. खाण्यातला ८० टक्के भाग गवत. टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, महाग आहे. मी ते आणतोच, शिवाय ताज्या हरळीच्या जुड्या फुलवाल्या मावशींकडून आणतो, स्वच्छ धुऊन देतो. मावशींना वाटतं मी फार मोठा गणेशभक्त आहे. [हसू] वर मूठभर कोथिंबीर वगैरे, आणि दाणेदार खाद्य अगदी थोडं. आणि ती पहाटे स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसली तर ओरडू नका. त्या वेगळ्या असतात, त्यातून तिला जीवनसत्त्वं मिळतात.

लघवी लालसर दिसली म्हणून आईनं मला एकदा मीटिंगमधून उठवलं होतं. पानांतल्या रंगद्रव्यांमुळे तसं होऊ शकतं, तिचं तेच निघालं. पण शंका आली तर डॉक्टरांना फोटो पाठवा, अंदाज बांधू नका.

उन्हाळ्यात पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवायची, टॉवेलात गुंडाळून तिच्याजवळ ठेवायची. ती टेकून बसते. कान ओल्या फडक्यानं पुसायचे. अंगावर गार पाणी ओतायचं नाही, धक्का बसतो. हो, मी बंटीच्या वेळी नेमकं तेच केलं होतं. आंघोळही घालायची नाही, ती स्वतःला चाटून साफ ठेवते.

हे सगळं ऐकून वाटेल, वा, याला सगळं जमलंय. म्हणून आता २०२३ ची दिवाळी सांगतो.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. घरात बारा-पंधरा माणसं. बाकर हॉलमध्ये मोकळी, कारण सगळ्यांना बघायची होती आणि मला दाखवायची हौस होती. खरं ते बोलतो, हौस होती. पाहुण्यांच्या छोटीनं तिला लाडानं शंकरपाळे भरवले. बाहेर लड्या लागल्या. बाकर सोफ्याखाली शिरली. मी म्हटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला कोथिंबिरीची पिशवी वाजवली, ती आली नाही. पिशवी वाजल्यावर बाकर आली नाही, असं कधीच झालेलं नव्हतं. टब बघितला. दुपारपासून एकही लेंडी नाही. ती अंग आखडून बसलेली, दात करकर वाजत होते. हे दुखण्याचं लक्षण. सशाची आतडी सतत चालू लागतात. दहा-बारा तास त्यानं खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर ती इमर्जन्सी असते, 'उद्या बघू' म्हणायची गोष्ट नसते. मला हे पाठ होतं. पण दिवसभर मी फराळ वाटत फिरत होतो, टब बघितलाच नव्हता.

जवळच्या एका दवाखान्यात फोन केला. 'आम्ही फक्त कुत्रा-मांजर बघतो.' दुसरीकडे कुणी उचलला नाही. ठाण्याच्या मॅडमना मेसेज केला. साडेबाराला उत्तर आलं: ऊब द्या, तपासल्याशिवाय जबरदस्तीनं काही भरवू नका, अडथळा असेल तर धोका आहे, सकाळी सातला या. घरातली माणसांची औषधं द्यायची नाहीत हेही लिहिलं होतं. ते बरं केलं, कारण आई ओव्याच्या अर्काची बाटली घेऊन उभीच होती. हेही लक्षात ठेवा, पेनिसिलिन गटातली काही अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सशाला जिवावर बेतू शकतात.

रात्रभर बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले होते. मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही झोपा, मी आहे.' ते म्हणाले, 'त्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं रे.' एवढंच. बारा वर्षांत त्यांनी बंटीचं नाव काढलं नव्हतं. आत्ताही काढलं नाही. पण मला कळलं की 'ससे जगत नाहीत' हे त्यांनाही कधी पटलेलं नव्हतं.

सकाळी एक्स-रे झाला. अडथळा नव्हता, गॅस होता. कातडीखाली सलाइन, वेदनाशामक, आणि सिरिंजनं भरवायचं पातळ खाद्य. घरी आणली. दर तीन तासांनी सिरिंज. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीमच्या कॉलवर होतो. चारच्या सुमारास आतून आईचा आवाज, 'अरे झाली! झाली रे तिला!' माझा माइक चालू होता. टीममधले लोक अजून विचारतात, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. तीन वाटाण्याएवढ्या लेंड्या झाल्या होत्या, मंडळी. आमच्या घरात त्या दिवशी दुसऱ्यांदा दिवाळी झाली.

त्यानंतर घरात नियम झाले. पाहुणे आले की बाकर बेडरूममध्ये, दार बंद. फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या बंद, पंखा चालू, खोक्यावर चादर. सकाळ-संध्याकाळ टब बघायचा, जो घरी असेल त्यानं. कुणी घरी नसेल तर ती पूर्ण घरात फिरत नाही, तिच्या सुरक्षित खोलीत असते. मोकळं ठेवायचं म्हटलं की लक्ष कमी लागेल असं मला वाटायचं. झालं उलटंच. पिंजऱ्याला कडी लावली की आपण विसरून जातो. मोकळ्या सशाला विसरता येत नाही.

आता ज्यांना हे ऐकून ससा आणावासा वाटतोय त्यांच्यासाठी. मला महिन्याला दोन-अडीच हजार खर्च येतो, आणि त्या दिवाळीत दोन दिवसांत साडेसहा हजार गेले. सशाला उचललेलं, मांडीवर घेतलेलं सहसा आवडत नाही. घाबरून त्यानं मागचे पाय झाडले तर त्याचाच मणका मोडू शकतो. त्यामुळे लहान मुलाला खेळायला म्हणून आणू नका, आणि वाढदिवसाला गिफ्ट तर अजिबात देऊ नका. जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, त्याला स्वतःहून येऊ द्या. बाकर माझ्याकडे यायला पाच आठवडे लागले. आली आणि हनुवटी माझ्या गुडघ्याला घासून गेली. तिथे वासाची ग्रंथी असते. म्हणजे मी तिच्या मालकीचा झालो. [हसू]

आणखी एक. ससा सोबतीनं राहणारा प्राणी, नसबंदी केलेली जोडी असेल तर उत्तम. आमची एकटी आहे. मी घरून काम करतो म्हणून निभावतं, पण ही आमची कमतरताच आहे.

आणि नाही जमलं तर बागेत सोडू नका. पाळीव सशाला बाहेर जगता येत नाही, कुत्री-मांजरं सोडत नाहीत. त्याला सांभाळणारं माणूस शोधा. बाकरसाठी माझ्या मित्रानं शोधलं तसं.

आता टीव्हीमागच्या वायरींचं. गेल्या वर्षी रविवारी बाबा माळ्यावर चढले आणि बंटीचा पिंजरा खाली काढला. तो अजून ठेवलाय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. पक्कड घेऊन त्यांनी त्याच्या बाजू सुट्या केल्या, कडा घासल्या, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात आडव्या लावून वायरींना कुंपण केलं. काम झाल्यावर बाकर आली, जाळीला हनुवटी घासली आणि बाबांच्या पायाशी धपकन आडवी पडली. ससा असा आडवा पडला की समजायचं, त्याला इथे सुरक्षित वाटतंय.

बाबा चहा होईपर्यंत पाय हलवत नव्हते.

चला, कुकर लागलाय, आता ती पाय आपटायच्या आत थांबतो. तुमच्या घरी ससा असेल तर आत्ता उठा आणि टब बघून या. काही विचारायचं असेल तर मेसेज करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.

[धप्प]

बघा. म्हटलं होतं ना.